वाचकांचे प्रश्न : दहा-बारा प्रश्नांत आहार मोजता येतो का?

प्रश्न : आमच्या गावातील आरोग्य शिबिरात प्रत्येकाकडून बारा प्रश्नांचा आहार-तक्ता भरून घेण्यात आला. 'डाळ किंवा कडधान्ये आठवड्यातून किती दिवस खाता?', 'दूध रोज घेता का?', 'पालेभाजी किती वेळा?' असे प्रश्न होते आणि प्रत्येक उत्तराला गुण होते. माझ्या सत्तर वर्षांच्या आईचा तक्ता पाच मिनिटांत भरून झाला आणि तिच्या कागदावर 'प्रथिने पुरेशी' असा शेरा पडला. दोन वेळा पातळ आमटी-भात आणि चार वेळा चहा एवढाच तिचा आहार आहे, हे आम्ही रोज पाहतो. अशा तक्त्यांना काही शास्त्रीय आधार असतो का? ते बरोबर आहेत की नाही, हे कसे तपासतात?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या आईंच्या बाबतीत त्या शेऱ्यापेक्षा आपल्या निरीक्षणावर विश्वास ठेवावा, हे प्रथमच सांगितले पाहिजे. त्यांनी एकही उत्तर खोटे दिलेले नाही. डाळ रोज असते, दूधही रोज असते. परंतु तक्त्याने 'किती वेळा' एवढेच विचारले आणि 'किती' हा प्रश्न सोडून दिला. समजा, घरात शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीची दीड लिटर आमटी होते. त्यातील दीडशे मिलिलिटरची एक वाटी आईंच्या ताटात आली, तर त्यांच्या वाट्याला दहा ग्रॅम कोरडी डाळ आली, म्हणजे साधारण सव्वादोन ग्रॅम प्रथिने. दोन वेळची मिळून साडेचार. चहाच्या कपात तीस मिलिलिटर दूध धरले, तर चार कपांतून आणखी चार ग्रॅम, आणि दिवसभरात दीडशे ग्रॅम तांदळाचा भात धरला तर अकरा-बारा ग्रॅम. सगळी बेरीज वीस ग्रॅमच्या आसपास राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलो वजनाला ती एक्केचाळीस ग्रॅमच्या पुढे जातात. तक्त्यात मात्र डाळीला पूर्ण गुण आणि दुधालाही पूर्ण गुण.

तरीही असे तक्ते निरर्थक आहेत, असा निष्कर्ष कृपया काढू नये. देशपातळीवरील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दूध-दही, डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळे, अंडी, मासे, मांस यांविषयी 'रोज, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही' एवढेच विचारले जाते. लाखो घरांत तराजू घेऊन जाणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. एका जिल्ह्यातील स्त्रिया दुसऱ्या जिल्ह्यातील स्त्रियांपेक्षा फळे कमी वेळा खातात का, दहा वर्षांत अंड्यांचे प्रमाण वाढले का, अशा प्रश्नांसाठी ही पद्धत उपयोगी पडते. चूक तेथे होते, जेथे समूहासाठी तयार केलेल्या साधनाचा निकाल एका माणसाच्या कागदावर शेरा म्हणून लिहिला जातो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तपासणीकडे, येऊ. छोट्या तक्त्याची परीक्षा घ्यायची, तर त्याच माणसांचा आहार दुसऱ्या, अधिक काटेकोर पद्धतीने मोजावा लागतो आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात. या काटेकोर पद्धतींपैकी सर्वांत जुनी पद्धत म्हणजे प्रत्येक पदार्थ खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहिणे. दुसरी म्हणजे काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्ले, हे प्रशिक्षित व्यक्तीने खोदून खोदून विचारणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अखत्यारीत १९७२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण यंत्रणेचे कर्मचारी याच रीतीने घरोघर जात. सोबत ठरावीक मापांच्या कपांचा संच असे. शिजवण्यासाठी कच्चे धान्य, डाळ, तेल किती घेतले, शिजल्यावर एकूण आमटी किती झाली आणि त्यांतील किती कप कोणाच्या ताटात गेली, हे विचारून प्रत्येकाचा वाटा काढला जाई. वर आपण आमटीचा जो हिशेब केला तो याच पद्धतीचा. घरातील बाई सर्वांच्या मागून जेवते आणि तिच्या वाट्याला आमटीचा वरचा पातळ भाग येतो की तळाची डाळ, हे लक्षात यायचे तर अशाच विचारपूशीतून येते. बारा प्रश्नांच्या कागदात त्याला जागाच नसते.

अशा परीक्षेचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील परिचारिकांचे आहे. हार्वर्डच्या वॉल्टर विलेट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ पदार्थांची एक प्रश्नावली तयार केली आणि बॉस्टन परिसरातील १७३ परिचारिकांकडून वर्षभरात चार वेळा, प्रत्येक वेळी आठवडाभर, खाल्लेल्या अन्नाची वजनासह नोंद करून घेतली. म्हणजे एकूण २८ दिवसांची काटेकोर वही एका बाजूला आणि एक प्रश्नावली दुसऱ्या बाजूला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एकूण उष्मांकांचा फरक वगळल्यावर, दोहोंमधील सहसंबंध अ जीवनसत्त्वासाठी (गोळ्या वगळून) ०.३६ आणि क जीवनसत्त्वासाठी (गोळ्या धरून) ०.७५ इतका आढळला. पूर्ण मेळ असता तर तो १ आला असता. एकच प्रश्नावली एका घटकासाठी बऱ्यापैकी आणि दुसऱ्यासाठी दुबळी ठरते, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते. त्यामुळे 'ही प्रश्नावली प्रमाणित आहे' असे कोणी सांगितले, तर कोणत्या घटकासाठी, हे लगेच विचारावे.

याहून छोट्या तक्त्याचे उदाहरण स्पेनमधील आहे. भूमध्य सागराकाठच्या पारंपरिक आहाराचा हृदयविकारावर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या 'प्रेडिमेड' या मोठ्या अभ्यासासाठी केवळ १४ प्रश्नांचा तक्ता वापरण्यात आला. त्यातील पहिलाच प्रश्न स्वयंपाकात मुख्यतः ऑलिव्ह तेल वापरता का, असा होता. २०११ मध्ये ७,१४६ व्यक्तींच्या उत्तरांवरून त्याची तपासणी प्रसिद्ध झाली आणि सहसंबंध ०.५२ आला. चौदा प्रश्नांच्या मानाने हा निकाल चांगला मानला जातो, आणि तसा तो आहेही. परंतु तुलनेसाठी घेतलेले साधन १३७ पदार्थांची दुसरी प्रश्नावलीच होती, ही बाब नजरेआड करता येत नाही. दोन घड्याळे एकाच मागे पडलेल्या घड्याळावरून लावली, तर ती एकमेकांशी तंतोतंत जुळतील आणि दोन्ही चुकीची वेळ दाखवतील. जो माणूस छोट्या तक्त्यात तळलेले पदार्थ कमी सांगतो, तो मोठ्या प्रश्नावलीतही ते कमीच सांगतो. स्मरणशक्ती तीच, संकोच तोच आणि 'डॉक्टरांना चांगले दिसावे' ही इच्छाही तीच.

म्हणून खरी कसोटी माणसाच्या सांगण्यावर अवलंबून नसलेल्या मापाची. खाल्लेल्या प्रथिनांतील नायट्रोजनाचा सुमारे ८१ टक्के भाग लघवीवाटे बाहेर पडतो. एखाद्या व्यक्तीची पूर्ण चोवीस तासांची लघवी गोळा केली आणि तिच्यात आठ ग्रॅम नायट्रोजन सापडला, तर त्याला ०.८१ ने भागून आणि ६.२५ ने गुणून (प्रथिनांच्या वजनात नायट्रोजन साधारण सोळा टक्के धरतात, म्हणून) सुमारे ६२ ग्रॅम प्रथिने खाल्ली गेली, असा हिशेब निघतो. ती व्यक्ती काय आठवते, काय विसरते किंवा काय लपवते, याचा या आकड्यावर परिणाम होत नाही. अर्थात लघवी खरोखर पूर्ण दिवसाची हवी. ती तशी आहे का, हे पाहण्यासाठी केंब्रिजच्या शीला बिंगहॅम यांनी १९८० च्या दशकात एक सुरेख उपाय रूढ केला : त्या दिवशी पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाच्या ठरावीक गोळ्या द्यायच्या आणि त्यातील बहुतेक भाग नमुन्यात परत मिळाला, तरच तो नमुना पूर्ण धरायचा.

उष्मांकांसाठी याहून खर्चिक पद्धत वापरतात. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी एकदा प्यायला देतात आणि पुढे सुमारे दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. जड हायड्रोजन केवळ पाण्याबरोबर शरीराबाहेर जातो. जड ऑक्सिजन पाण्याबरोबरही जातो आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडबरोबरही. दोघांच्या घटण्याच्या वेगातील फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च केली, हे कळते. त्या काळात वजन स्थिर असेल, तर जेवढी खर्च झाली तेवढीच ऊर्जा अन्नातून आली असली पाहिजे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९९-२००० मध्ये मेरीलँड राज्यात ४० ते ६९ वर्षे वयाच्या ४८४ व्यक्तींवर या दोन्ही कसोट्या वापरल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहारशास्त्रातील अनेकांना अस्वस्थ करणारा होता. 'किती वेळा खाता' या प्रकारच्या प्रश्नावलीत पुरुषांनी आपली ऊर्जा ३१ ते ३६ टक्क्यांनी आणि स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्क्यांनी कमी सांगितली होती. चोवीस तासांच्या विचारपूशीतही ती पुरुषांत १२ ते १४ आणि स्त्रियांत १६ ते २० टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे ज्या पद्धतीला आपण काटेकोर म्हणून तुलनेसाठी घेतो, तीही निर्दोष नाही. शिवाय जास्त वजनाच्या व्यक्ती अधिक प्रमाणात कमी सांगतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे ही चूक सर्वांना सारखी लागू होत नाही आणि एका गुणकाने दुरुस्तही करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या आईंच्या शेऱ्याशी थेट संबंधित आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २९ व्यक्तींनी सलग एक वर्ष आपल्या आहाराची रोजची नोंद ठेवली होती. त्यावरून असे निघाले, की एका व्यक्तीचा नेहमीचा उष्मांक समाधानकारक अचूकतेने सांगण्यासाठी सरासरी ३१ दिवसांची नोंद लागते आणि अ जीवनसत्त्वासाठी तर ४३३ दिवसांची. पूर्ण गटाची सरासरी सांगायची असेल, तर हेच आकडे ३ आणि ४१ इतके खाली येतात. एका माणसाबद्दल बोलणे समूहाबद्दल बोलण्यापेक्षा किती कठीण आहे, हे याहून नेमके सांगता येणार नाही.

आपल्याच भागात अशा साध्या प्रश्नांतून मोलाचे काही हाती आले आहे, तेही नोंदवले पाहिजे. पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासात एकूण ऊर्जा किंवा प्रथिने यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. परंतु दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली, याचा दिसला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे बळ असे, की त्याच स्त्रियांच्या तांबड्या रक्तपेशींमधील फोलेटचे, म्हणजे पालेभाज्यांतून मिळणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाचे, प्रमाणही बाळाच्या आकारमानाशी जुळत होते. पालेभाजीबद्दलचे उत्तर आणि रक्तातील पुरावा एकाच दिशेला गेले, म्हणून त्या उत्तरावर भर देता आला.

आईंसाठी आता करण्यासारखे एवढेच, की एका आठवड्यातील तीन निरनिराळ्या दिवशी, त्यांतील एक उपवासाचा किंवा सणाचा असला तरी चालेल, घरात किती डाळ शिजली आणि त्यांच्या वाटीत किती आली हे लिहून ठेवावे, त्यांचे वजन करावे आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. शिबिरातील शेरा त्यासोबत दाखवण्याची गरज नाही.

प्रश्न : मी पोषणशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. वसतिगृहातील मुलींसाठी पंधरा प्रश्नांची आहार-प्रश्नावली तयार करून तिची वैधता तपासण्याचा माझा प्रकल्प आहे. चोवीस तासांच्या विचारपूशीशी ०.५ इतका सहसंबंध आला की प्रश्नावली वैध मानावी, असे मला सांगण्यात आले आहे. एवढे पुरेसे आहे का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : पुरेसे नाही. सहसंबंध क्रम जुळतो का हे सांगतो, आकडा जुळतो का हे सांगत नाही. तीन मुली प्रत्यक्षात ४, ६ आणि ८ ग्रॅम मीठ खातात आणि आपल्या प्रश्नावलीने ८, १२ आणि १६ ग्रॅम दाखवले, तर सहसंबंध पूर्ण १ येईल आणि प्रत्येकीचा आकडा दुप्पट चुकलेला असेल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. त्यांच्या पद्धतीत दोन मापांतील फरक उभ्या अक्षावर आणि दोहोंची सरासरी आडव्या अक्षावर घेतात. फरकाची सरासरी शून्यापासून किती दूर आहे आणि खाणे वाढेल तशी चूकही वाढते का, हे त्या आलेखात डोळ्यांना दिसते. आपल्या प्रबंधात हा आलेख असलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

त्याबरोबर मुलींचे दोन्ही पद्धतींनी चार-चार गट पाडून किती जणी त्याच गटात राहिल्या आणि किती जणी थेट विरुद्ध टोकाला गेल्या, हेही द्यावे. निव्वळ योगायोगाने २५ टक्के मुली त्याच गटात आणि साडेबारा टक्के विरुद्ध टोकाला येतात. आपले आकडे याहून स्पष्टपणे चांगले नसतील, तर प्रश्नावलीने काहीच साधले नाही. दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणे उपयुक्त असले, तरी पुन्हा तेच उत्तर आले म्हणजे ते खरे आहे, असे होत नाही.

वसतिगृहाची एक खास अडचण आहे आणि तिचा विचार आधीच करावा. सर्व जणी एकाच मेसमध्ये जेवत असतील, तर त्यांच्या आहारात मुळातच फरक कमी असतो, आणि जेथे फरक कमी तेथे चांगल्या प्रश्नावलीचाही सहसंबंध खाली येतो. म्हणून मेसमध्ये जेवणाऱ्या, डबा लावलेल्या आणि घरून ये-जा करणाऱ्या अशा सर्व मुली घ्याव्यात. संख्या शंभर ते दोनशे असावी. चोवीस तासांची विचारपूस प्रत्येकीची एकदाच न करता निदान तीन वेळा, सलग नसलेल्या दिवशी आणि एक रविवार धरून करावी. प्रश्नावली विचारपुशीच्या आधी भरून घ्यावी, कारण विचारपूस झाल्यावर मुली आपल्या खाण्याकडे अधिक लक्ष देऊ लागतात आणि मग प्रश्नावली असते त्याहून चांगली दिसते. उन्हाळ्यात आंब्याच्या आणि हिवाळ्यात संत्र्यांच्या दिवसांत फळांची उत्तरे निराळी येतील. शक्य असेल, तर दोन ऋतूंत काम करावे.

या सगळ्याआधी आठ-दहा मुलींसोबत बसून प्रत्येक प्रश्न त्यांना काय वाटला, हे विचारून घ्यावे. 'पालेभाजी खाल्ली का?' याला पोह्यांवरच्या चिमूटभर कोथिंबिरीच्या आधारे 'हो' म्हणणारी एखादी मुलगी हमखास भेटते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या स्त्रियांसाठीच्या आहार-विविधता निर्देशांकात दहा अन्नगटांपैकी किमान पाच खाल्ले का, एवढेच पाहतात. पण पंधरा ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला पदार्थ आणि चहातले थोडेसे दूध त्यात मोजायचे नाही, असा नियम त्यांनी मुद्दाम केला आहे. तसा नियम आपल्या प्रश्नांच्या शब्दांतच बसवावा : 'कोथिंबीर सोडून', 'चहातले दूध सोडून'.

मिठाविषयीचे प्रश्न मात्र शक्यतो वगळावेत. लोणचे, पापड, चटणी, ताटातले मीठ आणि बाहेरचा चिवडा यांतील मिठाचा अंदाज कोणालाही सांगता येत नाही. खाल्लेल्या सोडियमचा सुमारे ९० टक्के भाग लघवीत येत असल्याने तेथे चोवीस तासांच्या लघवीला पर्याय नाही. तेवढी व्यवस्था होत असेल, तरच मिठाच्या प्रश्नाची परीक्षा घ्यावी.

प्रश्न : येथे इंग्लंडमध्ये दवाखान्यात आहाराची प्रश्नावली भरायला देतात. तीत ब्रेडच्या चकत्या, सीरियलच्या वाट्या आणि बटाट्याचे प्रकार विचारतात. आम्ही घरी पोळी, भाकरी, वरण-भात खातो. ही प्रश्नावली कशी भरावी?
— एक वाचक, लंडनजवळ

उत्तर : ती प्रश्नावली ज्या लोकांवर तपासली गेली, त्यांच्या स्वयंपाकघरासाठीच ती भरवशाची आहे; आपल्या उत्तरांचा निकाल त्याच अचूकतेने लावता येणार नाही. पोळीला ब्रेडची चकती समजून आकडा भरू नये, कारण घराघरांतील पोळीचे वजन आणि तिला लावलेले तेल निराळे असते. कागदाच्या मोकळ्या जागेत एका दिवसाच्या पोळ्यांसाठी किती ग्रॅम पीठ मळले, महिन्याला किती तेल आणि तूप संपते आणि घरात जेवणारे किती, हे लिहून द्यावे. चार माणसांत महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला पंचवीस मिलिलिटर येते. फोडणीतील हे तेल ब्रेड-सीरियलच्या प्रश्नांत कोठेच पकडले जात नाही, आणि हृदयविकार किंवा मधुमेह यांसाठी सल्ला घेत असाल तर आहारतज्ज्ञांना तेच माहीत असणे अधिक आवश्यक आहे. दक्षिण आशियाई आहाराशी परिचित आहारतज्ज्ञ आपल्या भागात उपलब्ध आहेत का, हेही दवाखान्यात अवश्य विचारावे.